जीआरवाली आत्या

"खुर्ची दे रे लवकर त्यांना, नायतर खुर्ची कोणत्या परिपत्रकानुसार द्यायची ते सांगत बसतील."

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, लोखंडी कपाटाआडून एक कारकून दुसऱ्याला हळूच म्हणाला. मी आत्याची कागदांची पिशवी धरून दारात उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. आत्यालाही आलं असणार, कारण खुर्चीवर टेकता टेकता ती म्हणाली, "आलेल्या माणसाला बसायला जागा आन् प्यायला पाणी. दोन्ही तुमच्याच बाहेरच्या फलकावर लिहिलंय, भाऊ. चहाचा उल्लेख नाही. चहा ऐच्छिक." चहा आला. सोबत बिस्किटंही आली.

सरकारनं काढलेला प्रत्येक कागद अगदी सहीपर्यंत, आणि सहीच्या खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून जी बारीक यादी असते तिथपर्यंत, मनापासून वाचणारी एकच व्यक्ती या पृथ्वीवर आहे आणि ती माझी आत्या आहे. ज्यांनी ते कागद लिहिले त्यांनीही ते इतके वाचले नसावेत. करमाडच्या पुढं आत वळून, माळावरच्या एका वस्तीत तिची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, एक ती मुख्याध्यापिका आणि एक गुरुजी. राहते मात्र इकडं पुंडलिकनगरला, आमच्याच गल्लीच्या टोकाला. सकाळी लोक देवाचं काहीतरी म्हणतात, तेव्हा आत्या चष्मा लावून मोबाइलवर रात्रीतून निघालेले नवे शासन निर्णय वाचते. एखादा विशेष आवडला तर काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, मोठ्यानं वाचून दाखवते. काका पोहे खात ऐकतात. "तिसरा मुद्दा बघा, किती सुंदर लिहिलाय," असं ती म्हणाली की काका घास थांबवून "वा" म्हणतात. त्यांच्या संसाराला बत्तीस वर्षं झाली, त्यामागं या 'वा'चा मोठा हात आहे.

शाळेच्या प्रत्येक खुर्चीवर, घंटेवर, अगदी पाण्याच्या पिंपावरही पांढऱ्या रंगात नंबर घातलेला असतो, कारण त्याची जडवस्तू नोंदवहीत नोंद असते. आत्यानं घरीही तेच केलंय. कुकरच्या बुडाला नंबर, पोळपाटाच्या पायाला नंबर, सोफ्याच्या मागं नंबर. आणि नोंदवहीत आलेली वस्तू उगाच फेकून देता येत नाही. ती निरुपयोगी झाली आहे असं तीन जणांच्या समितीनं पाहून लिहून द्यावं लागतं. तिचा जुना मिक्सर जळला तेव्हा समितीत काका, मी आणि दूधवाला असे तिघं होतो. दूधवाला कधी घाईत, काका कधी झोपलेले, त्यामुळं समितीची बैठकच होईना आणि तो मिक्सर चार महिने ओट्यावर तसाच बसून होता. शेवटी एका रविवारी दूधवाल्यानं हातात किटली धरूनच सही केली आणि म्हणाला, "ताई, आता म्हशीचाबी नंबर टाकून घ्या एकदा." आत्यानं खरंच क्षणभर विचार केला.

काकांना मित्रांबरोबर दौलताबादला सीताफळं खायला जायचं असलं, तर ते आदल्या दिवशी फ्रिजवर किरकोळ रजेचा अर्ज चिकटवतात. आत्या त्यावर लाल शाईनं लिहिते, 'मंजूर. येताना एक पाटी आणावी.' मी लहान असताना मला वाटायचं की सगळ्याच घरांत असं असतं.

सगळ्यांत अवघड प्रकार म्हणजे चव नोंदवही. शाळेत खिचडी मुलांना वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसानं चाखून वहीत शेरा लिहायचा, असा नियम आहे. आत्याला तो इतका पटला की तिनं घरीही वही घातली. पाहुणा उठला की हात धुवायच्या आत वही पुढं येते. माझ्या आत्येभावाचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीचे वडील जेवायला आले होते. गरीब स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी पुरणपोळी चार वेळा मागून घेतली आणि वहीत 'समाधानकारक' असं लिहिलं. आत्या आठवडाभर सुन्न होती. "समाधानकारक म्हणजे खालून दुसरा शेरा, गं," ती मला सांगत होती. "वर चांगलं, उत्तम, उत्कृष्ट असे तीन आहेत की. माणसानं चार पोळ्या खाऊन असं लिहावं?" लग्न झालं, नातू झाला. पण ते व्याही आले की आत्या अजून पुरणपोळी करते आणि वही घेऊन समोर उभी राहते.

एवढं वाचून कुणाला वाटेल की आत्या म्हणजे नियमांनी वाकलेली बाई. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले. आमच्याकडं नियम म्हणजे भिंतीवर लावलेली पाटी होती आणि प्रत्येक ओळ 'करू नये'नं संपायची. आत्याचं म्हणणं वेगळं होतं. "सरकार नियम शिवतं तेव्हा आत थोडी माया सोडलेली असते. ती शोधून उसवायची आन् पोरांच्या अंगाला बसवायचं. नियम टोचतो कुणाला? ज्यानं अर्धाच वाचला त्याला."

हे मी तिच्या शाळेत गेल्यावर पाहिलं. वस्तीवर बहुतेक घरं मेंढपाळांची, काही शेतमजुरांची. एकदा मी तिथं असताना एक आजी नातीचा हात धरून आली. मुलगी नऊ-दहा वर्षांची, शाळेचं तोंड न पाहिलेली.

गुरुजींनी सवयीनं विचारलं, "जन्माचा दाखला?"

आजी म्हणाली, "पोरगी उभी हाय की समोर. जन्मल्याबिगर उभी ऱ्हायली व्हय?"

गुरुजी आत्याकडं बघायला लागले. आत्या म्हणाली, "आजी बरोबर बोलतायत. कायद्यातबी तेच हाय, फक्त लांबण लावून लिहिलंय. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणं चौथीत बसवा." मुलगी चौथीत बसली. तिला अक्षर येत नव्हतं, पण मेंढ्या मोजून मोजून बेरीज-वजाबाकी वर्गात सगळ्यांत पक्की होती.

शाळेला उतार असलाच पाहिजे, असा नियम आला तेव्हा आत्यानं मागं लागून तो बांधून घेतला. चाकाच्या खुर्चीतलं मूल वस्तीत एकही नव्हतं. पण कोकरांना तो उतार फार आवडला, ती सरळ वर चढून पहिलीच्या वर्गात यायला लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे काय मॅडम?" आत्या म्हणाली, "उतार वापरात आहे, असा शेरा लिहा."

आत्याचं माझ्याकडं काम असायचं ते पोर्टलचं. वस्तीवर नेटवर्क नाही आणि मुलांची सगळी माहिती तर ऑनलाइन भरायची. मी घरून एका कंपनीचं काम करते. दिवसभर संगणकासमोर असते, कुणाशी फारसं बोलावं लागत नाही, हेच त्या नोकरीत मला सगळ्यांत आवडतं. संध्याकाळी आत्या यायची. "काय इंग्लिश मीडियम, आहे का वेळ?" ती नावं सांगायची, मी भरायचे. महिन्या-महिन्याला तीच बावीस नावं. ओटीपी तिच्या फोनवर यायचा, पण कुणालाही सांगू नये असं त्यातच लिहिलेलं असल्यामुळं ती मला कधी सांगायची नाही. मला खुर्चीवरून उठवायची, पदर आडवा धरून एकेक आकडा स्वतः दाबायची आणि मग म्हणायची, "बस आता."

दिवाळीनंतर वस्तीवरचे मेंढपाळ चाऱ्याच्या मागं निघतात ते पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही सोबत जातात. शाळा समितीचे अध्यक्ष बापू स्वतः मेंढपाळ आहेत, गुडघे दुखायला लागल्यापासून मागं राहतात. ते आत्याला म्हणाले होते, "म्याडम, मेंढरं काय तुमचा जीआर वाचत नायत. चारा नाय तिथं थांबत नायत." त्यावर आत्या म्हणाली, "मेंढरांना जाऊ द्या बापू. पोरांना कार्ड देऊन पाठवते." ते शिक्षण हमीचं कार्ड. पोराला काय येतं, काय शिकवायचं राहिलंय ते त्यावर लिहिलेलं. मुक्काम पडेल त्या गावच्या शाळेत दाखवलं की तिथं बसायला मिळतं, आणि नाव मात्र आपल्याच शाळेच्या पटावर राहतं. गेल्या खेपेला आठ मुलं गेली. आठही जणांच्या गळ्यात आत्यानं प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कार्ड बांधलं होतं.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याच दिवसांत आत्याला मतदारयादीच्या कामाला लावलं होतं. ती घरोघर फिरत होती. एका दुपारी तिचा फोन आला. "मेंढ्यांमागं गेलेल्या आठ जणांची नोंद करून टाक, आज शेवटची तारीख आहे." आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं ओटीपी फोनवर सांगितला, तोही इतक्या दबक्या आवाजात की मला दोनदा विचारावा लागला. मी यादी उघडली. प्रत्येक नावासमोर तीन-चार पर्याय होते. आमच्या शाळेत कुणी गेलं की निरोप समारंभ व्हायचा, दाखला मिळायचा, आणि ते परत दिसायचं नाही. मी आठही नावांपुढं 'शाळा सोडली' निवडलं. परत फोन करून विचारायला हवं होतं. पण विचारण्यापेक्षा अंदाज बांधणं मला नेहमीच सोपं वाटत आलंय.

थंडी सरता सरता विस्तार अधिकारी पटपडताळणीला आले. त्या दिवशी शाळेच्या प्रत्येक खोलीचे ठिकाणासह फोटो काढायचे होते म्हणून आत्यानं मलाही नेलं होतं. साहेब सज्जन होते, दमलेले होते. त्यांनी हातातला टॅब आत्यापुढं धरला.

"मॅडम, पट चौदा दाखवतोय. वीसच्या आत आला. ही शाळा बंद करून जालना रोडच्या पलीकडच्या मोठ्या शाळेत समायोजनाचा प्रस्ताव करावा लागेल."

"बावीस आहे," आत्या म्हणाली.

"आठ जणांनी शाळा सोडल्याचं तुम्हीच भरलंय."

दारात बसलेले बापू उठले. "जालना रोडच्या पलीकडं? सायेब, त्यो रस्ता वलांडताना आमची मेंढरं बिचकतात, आन् ही तर पहिलीतली लेकरं. नाय जायची ती. घरीच बसतील."

आत्यानं टॅबकडं पाहिलं. मग एकदाच, अगदी अर्धा क्षण, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता ती एखादा नियम सांगेल. जिच्यासाठी तिच्याकडं नियम नाही अशी गोष्ट मी कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "पोर्टलवरच्या नोंदीची जबाबदारी मुख्याध्यापकाची असते. स्पष्ट लिहिलंय. चूक माझी आहे. सेवापुस्तकात नोंद घ्या."

सत्तावीस वर्षांच्या त्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नाही, हे तिनं मला किती वेळा अभिमानानं सांगितलं होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

शाळा अजून सुरू आहे, हे मी इथंच सांगून टाकते. आठही कार्डांच्या प्रती आत्याकडं होत्या, अर्थातच तीन-तीन. अर्ज झाला, नोंदी दुरुस्त झाल्या, पट बावीसचा बावीस. पावसाच्या आधी मुलं परतली. तिघांची कार्डं फाटली होती, एकाचं मेंढीनं खाल्लं होतं, पण त्या आठांपैकी पाच जण कुठं ना कुठं वर्गात बसून आले होते. आत्या येत्या मे महिन्यात निवृत्त होतेय. पदभार सोपवायची यादी तिनं आत्ताच करायला घेतलीय. त्यात कपाटं आहेत, घंटा आहे, पिंप आहे. आणि शेवटी तिनं स्वतःच्या हातानं एक सदर आखलंय, 'गेलेली मुले, परत येणारी'. असं सदर कुठल्याही परिपत्रकात नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाही गं, हे आपलं माझंच." नवीन येणारे सर ते पान वाचतील की नाही, कुणास ठाऊक.

पण त्या दुपारी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. बाहेर खिचडी शिजत होती. साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं, आणि आत्या ताठ उभी होती. पदराचं टोक तेवढं तिनं मुठीत गच्च धरलं होतं. मी मोबाइल खाली ठेवला.

"सर, थांबा. ती नोंद मी केली. मला वाटलं, मुलं गेली म्हणजे शाळा सोडून गेली. आत्याला विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही. मुलांनी शाळा सोडलेली नाही, ती फक्त मेंढ्यांमागं गेलीत. आठही जणांची नावं मला पाठ आहेत. तुम्ही लिहून घ्या, मी सांगते."