आशालताकाकूंचा चारचा अलार्म

जॉन्सनव्हिलच्या मराठी मंडळात कुजबुज आहे की आशालताकाकूंची जीभ काळी आहे. म्हणे त्यांनी शार्दूलदादाच्या कंपनीच्या कोल्ड रूमला शाप दिला आणि दुसऱ्याच दिवशी भूकंप झाला.

खोटं आहे. दुसऱ्या नाही, आठव्या दिवशी. आणि शापबिप काही नव्हता, त्यांनी फक्त एक फाइल वाचली होती. मी शेजारीच बसून चिवडा खात होते.

काकूंनी आठ वर्षं त्याच कंपनीच्या औषधांच्या गोदामाचा सर्व्हर सांभाळला. मशीनवर सतत चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची, म्हणजे सर्व्हिसची, एक एक्सएमएल फाइल असते. ही सर्व्हिस कुठल्या कमांडने उठते, कुठल्या कमांडने बंद होते, उठण्याआधी कोणाची वाट बघते, सगळं तिच्यात लिहायचं. काकू दुसऱ्याची फाइल वाचताना बंद होण्याची ओळ आधी शोधायच्या. तसंच माणसांशीही. कोणी नवी गाडी घेतली, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की नाकातून, सावकाश, शेवटचा शब्द खाली सोडत विचारायच्या, "आणि बंद पडलं की?" हा आवाज मला इतका हुबेहूब जमायचा की काकूच आल्या समजून आई किचनमधून ओ द्यायची. बदनामी मात्र त्या प्रश्नानेच झाली.

तापमान वाढलं तर कोल्ड रूमचा अलार्म वाजायला हवा. तो वाजतो का हे बघायला काकू रोज दुपारी चारला तो मुद्दाम वाजवायच्या. लोक वैतागायचे. एप्रिलमध्ये काकू निवृत्त झाल्या, माझा मामेभाऊ शार्दूल त्यांच्या जागी लागला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने चारचा अलार्म बंद केला. लोकांनी त्याला मफिन आणून दिले.

ऑगस्टमध्ये दादा काकूंकडे चहाला आला तो अलार्मची फाइल छापून घेऊन. त्याने तिच्यात एक ओळ घातली होती: रिपोर्ट पाठवणारी सर्व्हिस आधी उठू दे, मग अलार्म उठेल. काकू बोट ठेवून वाचत गेल्या आणि त्या ओळीवर थांबल्या. रिपोर्टची फाइल त्यांनीच लिहिलेली होती, आणि तिच्यात उलटं होतं: आधी अलार्म, मग रिपोर्ट.

"हा त्याची वाट बघणार, तो ह्याची," काकू म्हणाल्या. "उठणार कोण?"

दादा म्हणाला, तीन आठवडे झाले, स्वीट अ‍ॅज, एकदम मस्त चाललंय.

"मशीन फाइल रोज वाचत नाही. चालू होताना वाचतं. अजून त्याला जुनंच पाठ आहे. बंद पडून परत उठलं की?"

जुलैपासून जमीन अधूनमधून हलत होती, लाइट कधीही जाऊ शकली असती. मग काकू म्हणाल्या की तापलेलं इन्सुलिन दिसायला अगदी तसंच दिसतं, कोणाला कळत नाही, आणि त्या रोज टोचून घेतात ते तिथूनच येतं. दादाने कागदाची घडी घातली. बघतो म्हणाला.

तो गेल्यावर मी पैज लावली: लाइट गेली तरी अलार्म उठणार. दादाला एवढं तरी कळतंच. काकूंनी अट सांगितली. मी हरले तर वर्षभर त्यांचा आवाज काढायचा नाही. मी हसून हात पुढे केला.

आठव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, भूकंप झाला आणि शाळेत आम्ही डेस्कखाली शिरलो. ट्रेन बंद, आई शहरात अडकलेली, म्हणून मी काकूंकडे गेले. दादाचा मेसेज आला: लाइट थोडा वेळ गेली होती, आली, सर्व्हर चालू, अलार्म नाही, ऑल गुड. मी तो त्याच्याच उड्या मारणाऱ्या आवाजात वाचून दाखवला. काकू हसल्या नाहीत. घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती.

काकूंचा दादाला तीनदा फोन लागला नाही. चौथ्यांदा लागला. काकूंनी स्पीकर लावला आणि त्याला कोल्ड रूमचं दार उघडून आतल्या थर्मामीटरचा आकडा वाचायला सांगितला.

"पण काकू, अलार्म वाजलेलाच नाही."

"म्हणूनच."

पावलं ऐकू आली. मग दाराची कडी. दोन ते आठ अंशांच्या मध्ये हवा असतो आकडा.

"अकरा," तो म्हणाला.

लाइट गेल्यावर कूलिंग बंद पडलं होतं, ते परत सुरूच झालं नव्हतं, आणि अलार्म रिपोर्टची वाट बघत अडकला होता. साडेचारची व्हॅन त्याच खोलीतले खोके भरून फाटकाशी उभी होती. काकू एवढंच म्हणाल्या, "व्हॅनची किल्ली काढून घे." त्याने घेतली. एकही खोका बाहेर गेला नाही.

सोमवारपासून चारचा अलार्म परत वाजायला लागला. दादा स्वतः वाजवतो.

गणपतीत मंडळाने मला स्टेजवर ढकललं आणि आशालताकाकू कर म्हणून सगळे ओरडले. काकू पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पैज ती पैज. मी त्यांच्याऐवजी दादाचा आवाज काढला, थर्मामीटर वाचतानाचं ते एकच "अकरा." कोणी हसलं नाही.