पिशवी विसरलेल्या प्रवाशांनी

बसस्थानकावर तिला सगळे घोषणाबाई म्हणायचे. काचेची एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर माइक, माइकला लाल बटण आणि बटणापाशी ती. बटण दाबलं की अख्ख्या स्टँडवर तिचा आवाज. आणि आवाज तरी कसा! हरवलेलं पोर तो ऐकून रडायचं थांबायचं. गाडी रद्द झाल्याचं ती इतकं गोड सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बरं झालं, नाहीतरी कुठे जायचं होतं. तिचा नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. बाकीचे त्याला चिडवायचे, तुझी मजा आहे बाबा, घरी शिव्या खाल्ल्या तरी गोड लागत असतील. तो नुसता मान हलवायचा. शिव्या कशा लागतात ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तर अशा या बाईने एक शब्द बोलण्यातून काढून टाकला होता. पिशवी.

आता बसस्थानकावर बसून हा शब्द टाळायचा म्हणजे काय खायचं काम आहे? रोज कुणी ना कुणी पिशवी विसरतोच. पूर्वी ती म्हणायची, निळी पिशवी विसरलेल्या प्रवाशांनी चौकशीच्या खिडकीवर यावं. पुढे पुढे ती 'निळं सामान' म्हणायला लागली. कधी बॅग, कधी थैली. एकदा एक म्हातारे गृहस्थ आपली पिशवी शोधत स्टँडभर फिरले आणि पिशवी बिचारी चौकशीच्या खिडकीत पडून होती. बाईंनी पुकारलं होतं की, असं कुणी म्हणालं तर ते चिडले. ते सामान म्हणाल्या, माझ्याकडे कुठे सामान होतं, माझी पिशवी होती! सगळे हसले. घोषणाबाई तेवढी हसली नाही.

का टाकला हा शब्द, ते सांगायला हवं. फार अभिमानाने सांगावं असं त्यात काही नाही.

तिची पिशवी काढली होती. गर्भाशय वगैरे म्हणायला डॉक्टर असतात, आपण सगळे पिशवीच म्हणतो. महिन्याच्या महिन्याला अंगावरून इतकं जायचं की काचेच्या खोलीतल्या खुर्चीवरून उठायची चोरी झाली होती. ऑपरेशन झालं, त्रास संपला. यात लाजण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण तिने घरीदारी सांगितलं, अपेंडिक्स. नवऱ्याला तंबी दिली की एक अक्षर बोलाल तर बघा. लेक परगावी शिकत होती, तिला फोनवर नुसतं पोटाचं लहानसं ऑपरेशन. कारण पिशवी काढण्याबद्दल घोषणाबाई एकदा बोलून बसली होती, आणि ते बोलणं तिच्या एकटीचं राहिलेलं नव्हतं.

झालं होतं असं. तिच्या ऑपरेशनच्याही कितीतरी आधी तिकीट खिडकीवर एक बाई होती, तिकीटबाई. चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा तिची पिशवी काढली. रजा संपवून ती परत आली ती वेगळीच होऊन. जवळ सतत पाण्याची बाटली. दोन तिकिटं दिली की एक घोट. बोटं सुजायची, सुटे पैसे परत करताना हात अडखळायचा. रांग खोळंबायची, लोक कुरकुरायचे. स्टँडवरचे लोकही कुरकुरायचे आणि त्यांत घोषणाबाई सगळ्यांच्या पुढे. एका दुपारी कंट्रोलर चहा घेऊन तिच्या खोलीत आला आणि विषय निघाला. तिची जीभ सैलच होती.

"पिशवी काढल्यापासून नुसती नाटकं चाललीयत हिची," ती म्हणाली. "घडीघडी पाणी काय पिते, बोटं काय चोळते! पिशवीबरोबर लाजही काढून ठेवली वाटतं तिकडे."

आधीची घोषणा केल्यावर लाल बटण तिने वर केलंच नव्हतं.

अख्ख्या स्टँडने ऐकलं. फलाटावरच्या प्रवाशांनी, हमालांनी, गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्या कंडक्टरांनी. एक हशा इकडून तिकडे गेला. काचेतून तिकीट खिडकी समोरच दिसायची. तिकीटबाईचा हात बाटलीकडे निघाला होता, तो मध्येच थांबला. घोषणाबाईचं लक्ष बटणाकडे गेलं. तिने पुन्हा एकदा काचेतून बघितलं आणि चार नंबरच्या फलाटावर लागणाऱ्या गाडीची घोषणा करून मोकळी झाली.

माफी मागायचं मनात होतं. आज नको, उद्या मागू, लोकांसमोर नको, एकटी गाठू, असं करता करता तिकीटबाई रजेवर गेली आणि पुढे तिने नोकरीच सोडली. स्टँडच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान टाकलं. घोषणाबाई तेव्हापासून घरी जायला लांबची वाट धरायला लागली. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, चालणं चांगलं असतं.

आता कळलं, स्वतःवर तीच वेळ आल्यावर तिने अपेंडिक्स का म्हटलं? लोक तिचेच शब्द तिच्या तोंडावर मारतील याची भीती. दुसऱ्याच्या अंगावर थुंकलेलं आपल्याच अंगावर येणार होतं, आणि ते पुसायची हिंमत तिच्यात नव्हती.

ऑपरेशननंतर काही वर्षं बरी गेली. मग तिच्या तोंडचं पाणी पळालं. हे आपण घाबरल्यावर म्हणतो, पण हिचं खरोखरच पळालं. ओठ एकमेकांना चिकटायचे. घास गिळताना प्रत्येक वेळी पाणी लागायचं. सकाळी डोळे उघडताना आत वाळू गेल्यासारखं खुपायचं, बोटं ताठरायची. घोषणा करताना जीभ टाळ्याला चिकटायची आणि सुटताना टक् असा आवाज साऱ्या स्टँडवर जायचा. तिने बाटली आणली, पण ती टेबलाखाली पायाशी ठेवली. पाणी प्यायचं तर खाली वाकून, काही पडलंय असं दाखवून. दिवसातून इतक्यांदा काय पडतं हिचं, असं कंट्रोलरला वाटलंच असेल. शेवटी साहेबांचा निरोप आला की आवाज असाच राहिला तर रेकॉर्ड केलेल्या घोषणा लावू, तुम्ही पार्सल खोलीत बसा. त्या रात्री घोषणाबाई पांघरुणात तोंड खुपसून रडली, पण डोळ्यांतून धड पाणीही आलं नाही.

लेक तेव्हा नोकरीला लागून घरी परत आली होती. तिने आईला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयाने लेकीएवढीच, पण कामाची पक्की. रक्त तपासून झालं होतं. ती म्हणाली, "काकू, तुमचंच शरीर तुमच्या लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठलंय, असं या तपासण्यांवरून दिसतंय. आधी काही ऑपरेशन झालंय का?"

"अपेंडिक्सचं," घोषणाबाई म्हणाली. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं.

"कधी?"

तिने साल सांगितलं. लेक तिच्याकडे बघायला लागली. "आई, काहीतरी काय! तुझं अपेंडिक्स मी व्हायच्या आधीच काढलंय. आजी नेहमी सांगायची. दुसरं अपेंडिक्स कुठून आणलंस तू?"

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. घोषणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. स्टँडवर हजारो लोकांना ऐकू जाणारी बाई, पण समोरच्या दोघींना ऐकू येईल एवढं बोलणं तिला जमेना.

"पिशवी काढलीय," ती शेवटी म्हणाली.

डॉक्टर रागावली नाही. तिने विचारलं, नुसती पिशवी काढली की दोन्ही बाजूंची अंडाशयंही? घोषणाबाईला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं तिने. त्या विषयावर कुणाशी बोलायलाच नको म्हणून टाके काढल्यावर ती त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढली नव्हती. डॉक्टरने मग समजावून सांगितलं. अंडाशयं काढली की बाईच्या अंगातली काही हार्मोन्स एकदम कमी होतात. नुसती पिशवी काढली तरी कुणाकुणाची अंडाशयं लवकर थकतात. त्या हार्मोन्सचा रोगप्रतिकारशक्तीशी संबंध असतो. राखण करणाऱ्यांवर कुणाचा वचक राहिला नाही तर ते कधीकधी घरच्याच माणसांवर काठी उगारतात, तसं काहीसं होऊ शकतं. सगळ्यांचं होत नाही. तुमचं त्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण हे आधी कळलं असतं तर मी वेगळ्या दिशेने विचार केला असता. मग तिने डोळ्यांत घालायला थेंब दिले, गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं की बाटली हाताशी ठेवा, घोट घोट पीत राहा, लाजू नका, आवाज टिकवायचा असेल तर दुसरा उपाय नाही.

घोट घोट. हे शब्द ऐकल्यावर घोषणाबाईच्या डोळ्यांसमोर तिकीट खिडकी आली. ती नाटकं नव्हती तर. पाणी पिणंही नाही, बोटं चोळणंही नाही.

घरी येताना लेक फक्त एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचंस ना गं." 

दुसऱ्या दिवशी बाटली टेबलावर आली. कंट्रोलरने ती बघितली आणि सहज, मनात काही नसताना म्हणाला, "काय बाई, तुम्हीपण आता घडीघडी पाणी?" एवढी वर्षं झाली तरी तो विसरला नव्हता. म्हणजे कुणीच विसरलं नसणार. ड्यूटी संपली तशी घोषणाबाईने लांबची वाट सोडली आणि मागच्या गल्लीत शिरली.

दुकान लहानसंच. मशीन चालू होतं, दोन कॉलेजची मुलं कागद घेऊन उभी होती. तिकीटबाईचे केस पांढरे झाले होते. गल्ल्याशेजारी पाण्याची बाटली. तिने मान वर केली, ओळखलं, आणि पुन्हा कागद सारखे करायला लागली.

"माझं चुकलं," घोषणाबाई म्हणाली. घसा कोरडा, आवाज कसला, नुसता वारा.

"काय? मशीनच्या आवाजात ऐकू येत नाहीय."

आता मुलं तिच्याकडे बघत होती. तिने तेच पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग तसंच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पिशवी काढल्याचं, लपवल्याचं, दोन अपेंडिक्सांचं, तोंडाचं, डोळ्यांचं. तुलाही हेच झालं असेल गं, ती म्हणाली, तू दाखवून घे, अंडाशयं ठेवलीयत का काढलीयत तेही विचार. मध्येच जीभ टाळ्याला चिकटली आणि टक् आवाज झाला. तिकीटबाईने आपली बाटली तिच्यापुढे सरकवली. घोषणाबाईने घोट घेतला. पाणी गिळताना तिला तिकीटबाईकडे बघवेना.

तिकीटबाईने डॉक्टरचा पत्ता विचारला, वार विचारला, सकाळी जावं की संध्याकाळी तेही विचारलं. मुलांचे कागद त्यांना दिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घोषणाबाईला वाटलं, सुटले बाई. ती निघाली आणि पायरी उतरणार एवढ्यात तिकीटबाई मागून बोलली.

"एक सांगू? तू बोललीस त्याचं मला एवढं नव्हतं लागलं. माझ्या पाठीमागे सगळेच बोलायचे, मला काय माहीत नव्हतं? पण माइक चालू आहे हे तुला कळलं, काचेतून तू माझ्याकडे बघितलंस आणि पुढच्या गाडीची घोषणा केलीस. त्याच गोड आवाजात. तो आवाज मला अजून ऐकू येतो."

घोषणाबाई पायरीवरच उभी राहिली.  तिकीटबाईने बाटलीचं झाकण लावलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाचे कागद हातात घेतले.