वाटणीला आलेली चांदी

जालना जिल्ह्यात माझ्या बायकोच्या धाकट्या मामांनी जिभेला लावून पाहिला नाही असा एखादा दगड शिल्लक असेल, तर तो अजून जमिनीखाली आहे असं खुशाल समजावं. दगडाची पारख जिभेवर होते हे त्यांनी कुठंतरी वाचलं आहे, आणि वाचलेलं वाया जाऊ देणाऱ्यांपैकी ते नव्हेत. माणसं देवळात मूर्ती पाहतात. मामा पायरी पाहतात, वाकून तिच्यावर टिचक्या मारतात, आणि मागच्या बायकांना वाटतं, केवढा हा भाविक. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे अक्षता टाकताना दिसतात, मामा तेवढे मांडवाच्या खांबाशी रोवलेला धोंडा न्याहाळताना. घनसावंगीच्या जीपमध्ये चेपून बसलेल्या प्रवाशांना ते सांगतात की आपण सगळे थंड झालेल्या ज्वालामुखीवर बसलो आहोत. त्यावर ड्रायव्हर एवढंच म्हणतो, "बराबर हाय काका, जरा सरकून बसा." मामींचं म्हणणं आणखी थोडक्यात आहे: "माझा जन्म तांदळातले खडे निवडण्यात गेला, न् ह्यांनी ते पोत्यानं घरात आणले."

हे वेड नोकरीतून आलेलं नाही. एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत मामांनी आयुष्यभर बी उगवतं की नाही एवढंच पाहिलं. दगड आले ते वाटणीतून. भावाभावांत जमीन वाटली गेली तेव्हा तीर्थपुरीकडचं काळं रान थोरल्या भावाकडे, म्हणजे सगळे ज्यांना दादा म्हणतात त्यांच्याकडे, गेलं; आणि मामा काय, शहरात नोकरीला, म्हणून त्यांच्या नावावर बरड चढलं. बरड म्हणजे एक आडबाजूची टेकडी. दादांच्या उसात हत्ती लपेल. मामांच्या टेकडीवर सरडासुद्धा उघडा पडतो. दर पोळ्याला भरल्या पंगतीत दादा विचारत, "काय रे, औंदा धोंड्याला कणसं आली का?" पंगत हसायची. मामाही हसायचे, पण त्यांचा घास तेवढा वेळ हातातच राहायचा.

अशा टेकडीवर मामांना एका काळ्या धोंड्याच्या खळग्यात केसाएवढा चमकता धागा दिसला. कपची त्यांनी एका प्राध्यापकांना दाखवली. लाव्हाच्या दगडातल्या पोकळीत क्वचित अशी चांदी साचते आणि ही चांदीच आहे, असं ते म्हणाले. किती आहे, हे मात्र त्याच धोंड्याचा मोठा तुकडा आणल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. मामांनी ही बातमी पोळ्याच्या पंगतीतच जाहीर केली. दादांनी भजं संपवलं आणि म्हणाले, "निघाली तर आधी माझ्या बैलांना घुंगरं कर." त्या दिवसापासून मामांना खाणबिण काही नको होती. चांदीचा एक तुकडा दादांच्या तळहातावर ठेवायचा, बस.

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी टेकडीवर गेलो. छोट्या हातोडीनं धोंड्याचं काही बिघडेना. घण जालन्याहून आणावा लागणार होता. पण तोवर एकसारख्या हजार धोंड्यांत हा ओळखायचा कसा? बैलांची शिंगं रंगवून उरलेला नारिंगी वार्निस मामांनी दादांच्या गोठ्यातून उचलला होता. खूण म्हणून एक ठिपका पुरला असता, पण उत्साहात त्यांनी डबा संपवला. काळ्या धोंड्याला नारिंगी रंग फासला की मराठवाड्यात पुढं काय होतं, हे मामींनीही सांगितलं असतं. पण आम्ही दोघं त्या दिवशी विज्ञानाच्या बाजूनं होतो.

मग मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं आणि घण घेऊन जायला आम्हाला दिवाळी उजाडली. धोंड्यापुढं नारळाच्या करवंट्या, हळदीकुंकू, एक पितळी घंटा. शेळ्या राखणारी एक बाई म्हणाली, "काका, चपला तिकडं काढा. जागृत हाय." हा रंग मीच लावला, शिंगांचा आहे, असं मामांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं. "लावला असंल की," ती म्हणाली. "कुणाच्या तरी हातानंच करून घेतो तो."

ती शेळ्यांमागे गेली तसा मामांनी पिशवीत हात घातला. तेवढ्यात पायवाटेनं दादा येताना दिसले. अनवाणी, एका गुडघ्यावर हात रोवत. वाटणीनंतर त्यांनी या टेकडीवर पाऊल ठेवलं नव्हतं. गुडघ्यासाठी नवस बोलले होते म्हणे. त्यांनी उसाची पहिली मोळी धोंड्यापुढं ठेवली, कपाळ टेकवलं आणि वळून धाकट्या भावाकडे पाहिलं.

"तुझ्या वाटणीला देव आला बघ," ते म्हणाले. "आमच्या रानात नुसता ऊस." मग पिशवीकडे पाहून, "काय आणलंस?"

मामांनी हात बाहेर काढला. "नारळ हाय, दादा."

उतरताना दादांनी आधारासाठी मामांचा खांदा धरला होता. घणाची पिशवी मी उचलली. नारळाच्या मानानं ती फारच जड होती. जीपमध्ये मामा कुणालाही ज्वालामुखीबद्दल काही बोलले नाहीत.

आता पोळ्याच्या पंगतीत कणसांची चौकशी होत नाही. मामा मात्र जेवण झालं की गोठ्यात जाऊन वार्निसचा उरलेला डबा शोधतात आणि दुसऱ्या दिवशी एकटेच टेकडीवर जातात. यंदा मी विचारलं, आता कशाला?

"रंग उडून राह्यला, जावईबापू," ते म्हणाले. "आतली चांदी दिसाया लागली."