शीतपित्त आणि माझं हळदीचं दूध

धानाची रोवणी सुरू होऊन आठवडा झाला आणि बायकोच्या अंगावर गांधी उठू लागल्या. शेतातला गार वारा लागला की दंडापासून पाठीपर्यंत लाल चकत्या, आणि खाज अशी की हातातले धानाचे पऱ्हे टाकून ती बांधावर खाजवत बसे. आमच्या दिघोरीला रोवणी पाळीपाळीने होते. चार बायांनी आमचं शेत रोवून दिलं होतं. आता त्यांच्या चिखलात तिला उतरायचं होतं. "मास्तरीनबाईले आपलीच पाळी आली तं पित्त उठलं," असं कोणी म्हणण्याआधी तिला बरं व्हायचं होतं.

आधी गेलो तालुक्याच्या एका भव्य आयुर्वेद केंद्रात. दाराशी धन्वंतरीचा पुतळा, आत त्याहून गंभीर चेहऱ्याचे वैद्य. त्यांनी नाडीवर बोटं ठेवली, डोळे मिटले, आणि रक्त तापल्याचं संस्कृतात सांगितलं. मखमली खोक्यातून थंडाव्याचं सरबत मिळालं. खाज वाढली.

मग कोंढ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पिठाच्या गिरणीशेजारी एक खोली, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. बाईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. उत्तरं मी देत होतो.

"गुरुजी, खाज तुमाले सुटते का ताईले?"

"हिला."

"मंग तिले बोलू द्या."

बायको बोलली. "रोवणीत भाजी कोण करत बसते, मॅडम? रोज संध्याकाळी सुक्या झिंग्यायची चटणी न् भात. त्याच्यावर हे हळदीचं दूध पाजतेत. अंग दुखत नाही म्हणे. पुस्तकात वाचलं."

"हळद चांगली आहे, गुरुजी. पण मासोळीवर दूध? ते पान फाटलं होतं का?"

"काटेकोर बोलायचं तर झिंगे मासोळीत—"

"चूप बसा आता," बायको म्हणाली.

बाईंनी समजावलं ते असं: गार वाऱ्याने कफ आणि वात बिघडतात, पोटातल्या विरुद्ध अन्नाने पित्त त्यात मिसळतं, आणि ते कातडीवर उमटतं. झिंगे, दही, माझं दूध बंद. कोमट पाण्यातून हरिद्राखंडाचं चूर्ण, अंगाला मोहरीचं तेल, शेतात पूर्ण बाह्यांचं कापड. "आणि ओठ सुजले, दम लागला, तं माझ्याकडे यायचं नाही. सीधं सरकारी दवाखान्यात." माझ्याकडे येऊ नका असं सांगणारा वैद्य मी पहिल्यांदाच पाहिला. हात आपोआप जोडले गेले.

पाचव्या दिवशी गांधी उठल्या नाहीत. पथ्याने, औषधाने, की नुसतंच ऊन पडल्याने? मी बाईंना फोन करून विचारलं.

"शपथेवर नाही सांगू शकत," त्या म्हणाल्या. "पण तपासाले म्हणून दूध पुन्हा सुरू करू नका."

दुसऱ्या दिवशी बायको पहिल्या पाळीला उतरली, माझा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. डबा द्यायला गेलो तेव्हा ती ओळीत सगळ्यांच्या पुढे होती.

"काहून वो, आज मास्तरच आले का रोवाले?" एकीने हाक दिली.

"नाही बाई," बायको वाकूनच म्हणाली. "शर्टच आणला. तो पुस्तकं वाचत नाही."