वहिनी आणि एक स्वल्पविराम

पडद्यावर चूक उमटली की वहिनी दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या. आम्ही घाबरून मशीन बंद करायला धावायचो. त्या मात्र तो इंग्रजी संदेश शाळेतल्या धड्यासारखा मोठ्याने वाचायच्या आणि मगच कीबोर्डला बोट लावायच्या.

वहिनी मुंबईत प्रोग्रॅमिंग शिकलेल्या. नवरा बोटीवर, म्हणून लग्नानंतर सासूबाईंच्या सोबतीला रत्नागिरीत आल्या. मिरजोळ्याच्या एका कारखानदाराने आमच्या रक्तदात्यांच्या संस्थेला कॉम्प्युटर दिला, तो वहिनींनी हाती घेतला. मी तिथली टायपिस्ट. मला त्या यंत्राची धास्तीच होती. "घाबरतेस काय? त्याला जेवढं दिसतं तेवढंच ते सांगतं," त्या म्हणायच्या.

दात्यांची नावं कॉलेजातल्या मुलांनी टाइप करून फ्लॉपीवर दिली होती. वहिनींचा प्रोग्रॅम ती फाइल वाचायचा आणि रक्तगट विचारला की नावं दाखवायचा. एरवी कोणाची ना कोणाची नावं निघतच, त्यामुळे शंका यायचं कारण पडलं नाही.

एका दुपारी राजापूरकडचा एक माणूस आला. बाळंतपणात बहिणीचं फार रक्त गेलं होतं. गट ओ निगेटिव्ह. मी गट टाकला. एकही नोंद नाही. पुन्हा टाकला, तेच. तो दाराला टेकून म्हणाला, "बाय, गावंल ना कोन?"

मी त्याला कोल्हापूरच्या रक्तपेढीला फोन लावायला सांगणार, तेवढ्यात वहिनींनी थांबवलं. या गटाचा एकजण शिबिरात भेटल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. मग तो सापडत कसा नाही? त्यांनी मूळ फाइलच उघडली आणि ओळ न् ओळ वाचत गेल्या. मध्येच थांबल्या. प्रोग्रॅम प्रत्येक स्वल्पविरामापाशी ओळ तोडून पुढचा रकाना धरत होता. पत्त्यात 'भाट्ये, रत्नागिरी' आलं की तिथेही तोडायचा. मग रक्तगटाच्या रकान्यात 'रत्नागिरी' जाऊन बसे आणि खरा गट पुढे फोनच्या रकान्यात सरके.

वहिनी उठून त्याच्यापाशी गेल्या. "माणूस आहे, भाट्याला. माझ्या प्रोग्रॅमने चुकीचं वाचलं होतं." हे सांगायची काही गरज नव्हती, तरी सांगितलं. त्याने नुसते हात जोडले.

आमचे सेक्रेटरी स्कूटरवरून गेले आणि माडांना पाणी लावणाऱ्या त्या दात्याला तसाच इस्पितळात घेऊन आले. आई वाचली, मुलगीही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी प्रोग्रॅम सुधारून सगळी फाइल नव्याने वाचून घेतली. रक्तगटाच्या जागी भलतंच काही आलं तर प्रोग्रॅम अडून बसेल अशी सोय केली. मग मला शेजारी ओढून म्हणाल्या, "हे माझ्या एकटीच्या डोक्यात राहून चालणार नाही." तेव्हापासून रोज थोडं थोडं शिकवू लागल्या.

पुढे त्यांच्या यजमानांना कोचीनला किनाऱ्यावरची नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी मला आपल्या खुर्चीत बसवलं आणि लांजा तालुक्यातले दाते काढायला सांगितलं. मी चाचपडत आज्ञेची ओळ लिहिली. नावं एकामागून एक वर सरकू लागली. वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. "आता तुला मला पत्राने विचारायचीसुद्धा गरज नाही," त्या म्हणाल्या.

तरी मी कित्येक वर्षं त्यांना पत्रं लिहीत राहिले. विचारायचं असं काही नसायचं.