चपला काढून ट्यूनिंग

स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकणारा करावे गावातला आमचा मेकॅनिक नवं ट्यूनिंग सॉफ्टवेअर आणल्यावर एकदम शास्त्रज्ञ झाला. कॉम्प्युटरला हार घातला. केबिनमध्ये चपला काढूनच जायचं, धुळीने म्हणे व्हायरस येतो!

माझ्या जीपमध्ये त्यानेच दुसरं इंजिन बसवलेलं, तेव्हापासून ती खोकत होती, आणि उद्या मला घाट चढायचा होता. त्याने वायर जोडून स्क्रीनला नमस्कार केला. "टेन्शन नाय साहेब, आता सगला ह्योच बघनार."

कॉम्प्युटरने इंजिन ठणठणीत ठरवलं. जीप मात्र खोकतच होती. त्याने केबिनचं दार हळूच ओढून घेतलं, अनवाणीच बाहेर येऊन स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि कुठलासा स्क्रू जरासा फिरवला. खोकला थांबला.

"आत बोलू नका," तो कुजबुजला. "नवीन हाय, वाईट वाटंल त्याला."