बेसबॉलवाल्याच्या बातम्या

क्रीडा पान सांभाळायला लागून बारा वर्षं झाली, की माणसाकडे किस्से साचतात. आमचे जळगावचे बाकीचे पत्रकार गप्पांना बसले की आपापल्या शौर्याचे सांगतात. माझ्याकडचे सगळे मान खाली घालायला लावणारे.

मी मूळचा बेसबॉलवाला. जिल्हा संघाचा कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. नोकरीच्या मुलाखतीत संपादक म्हणाले, "बेसबॉल म्हणजे क्रिकेटच ना जवळजवळ?"

आठ वर्षं गुडघे झिजवलेला मी म्हणालो, "हो सर, जवळजवळ."

नोकरी लागली.

*

पहिल्या बातमीत मी 'होम रन' लिहिलं, डेस्कवर कुणीतरी त्याचा 'षटकार' केला. छपाईआधी मला ते दिसलं होतं. नवी नोकरी, वाद कशाला, म्हणून गप्प बसलो. सकाळी आमचे जुने कोच नाना यांचा फोन आला, तेव्हा खापर डेस्कवर फोडलं.

नाना म्हणाले, "असू दे. तुझं नाव छापलंय ना? कात्रण ठेवलंय मी."

*

चोपड्याला मुलींची फायनल होती. धरणगाव तीन रननी पुढे, शेवटची इनिंग बाकी. बस चुकेल म्हणून मी निघालो आणि बसमधूनच चोपडा हरल्याची बातमी पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या चेंडू फेकणाऱ्या मुलीचे, पिचरचे वडील पेपरची घडी घेऊन ऑफिसात हजर. भांडतील असं वाटलं. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, बठ्ठा गावले माहीत शे पोर जिकनी. पेपरलेच माहीत नही."

चोपडा जिंकल्याची दुरुस्ती आम्ही छापली. आतल्या पानावर, चार ओळी.

*

हा एक मात्र मी कुणाला सांगितला नव्हता.

मी खेळत होतो तेव्हा, धुळ्याविरुद्धच्या फायनलला त्यांचा विलास बरोबरीच्या रनसाठी घसरत माझ्यासमोरच्या होम प्लेटवर आला, तिथं पोचलं की रन पुरी होते. मी त्याला ग्लोव्ह टेकवला, पण चेंडू सुटून माझ्या मांडीखाली गेला होता. चेंडू हातात नसेल तर गडी बाद होत नाही. पंचांना काही दिसलं नाही, त्यांनी आउट दिला. मी चेंडू हळूच उचलून वर धरला. आम्ही जिंकलो.

गेल्या वर्षी दोंडाईचाच्या एका शाळेच्या संघावर लिहायला गेलो, तर क्रीडाशिक्षक विलासच! त्यानं मुलांना गोळा करून सांगितलं, मला बाद करणारे सर हेच. मग मला म्हणाला, जरा करून दाखवा.

मी उकिडवा बसलो आणि दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

स्टेशनवर तो सोडायला आला. गाडी लागल्यावर त्यानं पिशवीतून एक चेंडू काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

"आता नीट धरा," तो म्हणाला.